गोव्यात लग्न करताय? रिसॉर्ट संध्याकाळी बघा

लग्न होऊन कोल्हापूरहून पणजीला आले, त्याला आता बावीस वर्षं झाली. तेव्हापासून गोतावळ्यातल्या कुणाच्याही मुलांच्या डोक्यात ‘बीचवर लग्न’ शिरलं, की पहिला फोन मला येतो. “तू तिथंच राहतेस ना, एखादं चांगलं रिसॉर्ट सांग की!” आता इथं राहणारा माणूस रिसॉर्टमध्ये कशाला जाईल? आमचा समुद्र म्हणजे रविवारी मिरामारला मुलांना घेऊन जाणं आणि भेळ खाऊन परत येणं. पण गेल्या फेब्रुवारीत सख्ख्या भाचीचंच लग्न निघालं, तेव्हा सुटका नव्हती. ताई आणि भावोजी पुण्याहून दोनदा आले, उरलेल्या चकरा मी आणि माझ्या नणंदेनं स्कूटरवर मारल्या. अकरा रिसॉर्टं पाहिली, एक जवळजवळ बुक करून बसलो होतो, ते शेवटच्या क्षणी सोडलं. का सोडलं ते पुढं येईलच.

खालचं सगळं शंभर-सव्वाशे पाहुणे, दोन रात्री, हळद आणि वैदिक लग्न अशा बेताचं आहे. पाचशे माणसं बोलावायची असतील तर कृपा करून गावातलं मंगल कार्यालय बघा आणि गोव्याला नंतर फिरायला या.

१. आधी तारीख, मग रिसॉर्ट

उलटं करू नका. हॉटेल आवडलं म्हणून मुहूर्त शोधायला गेलात, की गुरुजी एक तारीख देतात, हॉटेल दुसरी देतं आणि मधल्या मध्ये मुलीचा बाप अडकतो. गुरुजींकडून तीन तारखा घ्या, त्यातली निदान एक सोमवार ते गुरुवारमधली असू द्या. आडवारी दर बराच खाली येतो.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. ऑक्टोबरमध्ये दिवसभर लख्ख ऊन आणि संध्याकाळी ढगांचा गडगडाट असा परतीचा पाऊस असतो, त्यामुळं उघड्यावरच्या लग्नाला तो धोक्याचा. मे महिन्यात घामानं शालू अंगाला चिकटतो, आणि आता मेचीही खात्री उरली नाही. २०२५ मध्ये मान्सून मे संपायच्या आतच गोव्यात येऊन थडकला. जून ते सप्टेंबर दर स्वस्त आणि गोवा हिरवागार, पण समुद्रात उतरायला बंदी, किनाऱ्यावरचे शॅक (झोपडीवजा खानावळी) उतरवलेले आणि सगळा सोहळा छपराखाली. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे ‘गोव्याला आलो तर ताजे मासे’ म्हणणाऱ्या काकांची निराशा ठरलेली.

२० डिसेंबर ते ५ जानेवारी या पंधरवड्याचा विचारही करू नका. खोली मिळाली तरी दर ऐकून बसायला खुर्ची मागाल.

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, आणि गोव्याचा हंगामही नेमका तेव्हाच चढतो. म्हणून आठ-दहा महिने आधी हालचाल सुरू करा.

आणखी एक. गोरज मुहूर्त मिळत असेल तर सोडू नका. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, फेब्रुवारीत साडेसहाच्या पुढंमागं. मंगलाष्टकं चालू असताना मागं तो लाल गोळा पाण्यात उतरतोय, याहून मोठी सजावट कुठलाही डेकोरेटर देऊ शकत नाही.

२. उत्तर की दक्षिण?

या प्रश्नाचं उत्तर पाहुण्यांच्या वयावरून काढा.

कांदोळी, कळंगुट, बागा हा पट्टा म्हणजे गर्दी, वॉटर स्पोर्ट्स, रात्री उशिरापर्यंत जाग. नवरानवरीचे मित्र खूश, आजी-आजोबा हैराण. हणजूण-वागातोरला खडक आणि कडे आहेत. फोटोला झकास, पण नऊवारी नेसून उतरायला अवघड. त्याच्याही वर पेडण्याकडं मोरजी, आश्वे, मांद्रे हे किनारे निवांत आणि रुंद. पण मोरजी-मांद्र्याला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तशीच दक्षिणेत आगोंद आणि गालजीबागला. हा कासवांचा काळ नेमका लग्नसराईचा. पिल्लं बाहेर पडली की उजेडाच्या दिशेनं धावतात, म्हणून तिथं किनाऱ्यावर प्रखर दिवे आणि मोठा आवाज यांवर निर्बंध असतात. सेल्समन हे आपणहून सांगत नाही. तुम्ही विचारा.

दक्षिणेत सासष्टीचा किनारा वेळसांवपासून मोबोरपर्यंत वीस किलोमीटरहून जास्त सलग वाळूचा आहे: आरोसी, उतोर्डा, माजोर्डा, बेताळभाटी, कोलवा, बाणावली, वार्का, केळशी. मोठ्या बागा असलेली, थेट वाळूला लागलेली रिसॉर्टं बहुतेक याच पट्ट्यात. आरोसीचं आयटीसी ग्रँड, बाणावलीचं ताज एक्झॉटिका, मोबोरचं सेंट रेजिस (जुनी माणसं अजून ‘लीला’च म्हणतात) ही त्यातली बडी नावं. त्यांच्या आसपास मध्यम बजेटची बरीच आहेत. आम्ही शेवटी याच पट्ट्यात थांबलो. कारण सरळ होतं. पाहुण्यांपैकी चाळीसजण साठीच्या पुढचे होते.

३. विमानतळ दोन आहेत, हे पत्रिकेवर छापा

थट्टा नाही. दाबोळी आणि मोपा. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला, आणि तिकिटाच्या साइटवर दोन्ही ‘गोवा’च दिसतात. तिकिटावरचा विमानतळाचा कोड बघा: जीओआय (GOI) म्हणजे दाबोळी, जीओएक्स (GOX) म्हणजे मोपा. मोपा पार उत्तर टोकाला पेडणे तालुक्यात. रिसॉर्ट केळशीला आणि पाहुणा मोपाला उतरला, तर पुढं दोन तासांचा रस्ता आणि टॅक्सीचं भाडं विमानाच्या तिकिटाशी स्पर्धा करणारं. भाचीच्या सासरचे सहाजण असेच उतरले. स्वस्त तिकीट मिळालं म्हणून आधी फार खुशीत होते.

ओला-उबर गोव्यात चालत नाही. गोवा माइल्स हे अ‍ॅप आहे, विमानतळावर प्रीपेड काउंटर आहेत, मोपाहून कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, बसही सुटतात. पण वऱ्हाडासाठी आपली बस किंवा टेम्पो ट्रॅव्हलर ठरवणंच शहाणपणाचं. ठरवताना रिसॉर्टला विचारा की पन्नास सीटची बस गेटपर्यंत येते का. किनाऱ्यालगतच्या गावांतले रस्ते एवढे अरुंद आहेत, की समोरून पोदेराची (पाववाल्याची) सायकल आली तरी बसला थांबावं लागतं.

रेल्वेनं येणाऱ्यांना दक्षिणेसाठी मडगाव, उत्तरेसाठी थिवी किंवा पेडणे. आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, तो दिवस कॅलेंडरवर गोल करून ठेवा आणि वऱ्हाडाची तिकिटं त्याच सकाळी काढा. स्कूटर भाड्यानं घेणाऱ्या तरुण मंडळींना सांगा की काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच गाडी घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं चालवताना पोलिसांनी धरलं, तर नवरदेवाचा मित्र हळदीऐवजी चौकीत.

४. ‘बीच रिसॉर्ट’ या शब्दाची फोड करा

इथं सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून जरा थांबून सांगते.

नावात ‘बीच’ असायला समुद्र जवळ असावा लागत नाही. आम्ही पाहिलेल्या अकरांपैकी पाच जागांवरून समुद्र दिसतच नव्हता. एका ठिकाणी ‘पाच मिनिटांवर बीच’ म्हणजे शेतातून पायवाट, मग रस्ता, मग एका शॅकच्या स्वयंपाकघरामागून वाट असं निघालं. म्हणून फोनवरच हे शब्द एकेक करून विचारा:

‘बीच फ्रंट’ म्हणजे आवाराला लागून वाळू, मध्ये सार्वजनिक रस्ता नाही, बरोबर ना? ‘बीच अ‍ॅक्सेस’ असेल तर वाट कुणाच्या जागेतून जाते, आणि ती रात्री उघडी असते का? ‘सी व्ह्यू’ खोल्या एकूण किती, आणि त्यातल्या आपल्या वाट्याला किती? ‘पार्शल सी व्ह्यू’ म्हणजे बाल्कनीतून मान वाकडी करून माडांच्या फटीतून दिसणारं निळं काहीतरी, हे गृहीत धरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: लग्न नेमकं कुठं लागणार? वाळूवर, की वाळूला लागून असलेल्या लॉनवर? हॉटेल कितीही तारांकित असो, समोरची वाळू त्याच्या मालकीची नसते, किनारा सार्वजनिक असतो. तिथं मंडप, खुर्च्या, ध्वनियंत्रणा मांडायची तर पर्यटन खात्याची आणि किनारी नियमांखालची परवानगी लागते. बहुतेक हॉटेलं ती काढून देतात. ‘आमचं नेहमीचंच आहे मॅडम, काही होत नाही’ असं उत्तर आलं तर समजा, परवानगी काढत नाहीत. परवानगीचा कागद कोण काढणार, शुल्क कोण भरणार आणि प्रत आपल्या हातात कधी येणार, हे लिहून घ्या. परवानगी असली तरी किनाऱ्यावरून फिरणारे लोक, कुत्री आणि हाफपँटमधले परदेशी पाहुणे तुमच्या अंतरपाटामागून जाणारच. त्यांना कुणी अडवू शकत नाही, अडवूही नये.

५. भरतीचं गणित

आता त्या सोडलेल्या रिसॉर्टची गोष्ट.

डिसेंबरात सकाळी अकरा वाजता गेलो. समोर क्रिकेट खेळता येईल एवढी रुंद वाळू. इव्हेंट मॅनेजरनं बुटाच्या टोकानं रेघ मारून मंडप कुठं, पाहुणे कुठं, नवरीची वाट कुठून, सगळं दाखवलं. ताईच्या डोळ्यांत पाणी. भावोजींनी आगाऊ रकमेसाठी फोन काढला. मी थोडी पुढं गेले, तर रापणकार (रापणीचं मोठं जाळं ओढणारे मच्छीमार) होडीच्या सावलीत जाळं निस्तरत बसले होते. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं आमची रेघ पाहिली आणि हसून म्हणाला, “बाय, सांजे येवन पळय.” संध्याकाळी येऊन बघ.

साडेपाचला परत गेलो. सकाळची रेघ पाण्याखाली होती. जिथं दीडशे खुर्च्या मांडायच्या होत्या तिथं फेस येत होता, आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्टीवर ओला कचरा, नारळाची सोडणं आणि एक फाटकी चप्पल यांची ओळ लागलेली. ती ओळ नीट बघायला शिका. पाणी कुठपर्यंत येतं याची सही समुद्र स्वतःच करून गेलेला असतो.

कोकणातल्या मच्छीमारांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक-दोन असं मोजायचं. आम्ही गेलो होतो सप्तमीला. सात पाऊण सव्वापाच. सकाळी अकराला पाणी पार आत असणार आणि संध्याकाळी पार वर येणार, हे पंचांग बघून घरबसल्या कळलं असतं. पंचांग पर्समध्ये होतं, पण त्यात आम्ही फक्त मुहूर्त पाहिला होता.

आता हा हिशेब आपल्या मुहूर्ताला लावा. गोरज मुहूर्त पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास असेल तर उत्तम, तेव्हा संध्याकाळी ओहोटी असते आणि वाळू रुंद मिळते. पण त्याच दिवशी सकाळी अकराचा मुहूर्त असेल तर उधाणाचं पाणी ऐन अक्षतांच्या वेळी येईल. भाचीचा मुहूर्त दशमीचा होता. दहा पाऊण साडेसात. म्हणजे साडेसहाला लग्न लागताना पाणी चढतं. म्हणून आम्ही वाळूचा हट्ट सोडला आणि वाळूपेक्षा चार पायऱ्या उंच लॉन असलेली जागा घेतली. पाऊणपट हा अंदाज आहे, मिनिटाचा हिशेब नव्हे. जागा ठरवण्याआधी मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता त्या तारखेसाठी बघून घ्या, इंटरनेटवर सहज मिळतो.

जाताजाता वाऱ्याचंही बघा. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, तीन ते पाचमध्ये त्याचा जोर असतो, सूर्य बुडताना जरा नरमतो. अंतरपाट धरणाऱ्या दोघांना आधी सांगून ठेवा, आणि त्याच्या खालच्या काठाला तांदळाच्या दोन छोट्या पुरचुंड्या बांधा. आमच्या गुरुजींची युक्ती. मुंडावळ्याही नेहमीपेक्षा घट्ट.

६. दहाचा ठोका

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. वर्षातले मोजके, जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, ते दिवस सणांचे असतात, तुमच्या संगीताचे नव्हेत. गोव्यात याबाबत लोक तक्रार करतात आणि पोलीस येतात. म्हणून संगीत उघड्यावर ठेवायचं तर सहाला सुरू करा, किंवा दहानंतर आवाज बाहेर न जाणारा बंद हॉल आहे का ते बघा. हॉलची दारं लावून, आत कुणाला तरी गाणं लावायला सांगून स्वतः बाहेर उभं राहा.

उलटा त्रासही असतो. शेजारच्या शॅकचा किंवा क्लबचा आवाज तुमच्या मंगलाष्टकांत मिसळतो. यासाठीही संध्याकाळीच जावं.

डीजेच्या गाण्यांच्या लायसन्सचा वाद गोव्यात बरीच वर्षं चाललाय. कॉपीराइट कायद्यात लग्नसमारंभाला सूट आहे, तरी अनेक हॉटेलं लायसन्स दाखवल्याशिवाय स्पीकरला वीज देत नाहीत. तुमचं हॉटेल काय मागतं आणि ते कोण भरणार, एवढं आधी मिटवा. ऐन वेळी वाद घालण्यात अर्थ नाही.

७. खोल्यांचा आणि पैशांचा हिशेब

हॉटेलं दोन पद्धतींनी दर देतात: खोल्या वेगळ्या आणि जेवण-हॉल वेगळं, किंवा माणशी सगळं मिळून. दोन्ही कोटेशन मागवा आणि दोन्हींवर ‘करांसह एकूण’ हा आकडा लिहून मागा. नुसतं ‘प्लस टॅक्सेस’ लिहिलेला कागद परत पाठवा.

एक बारीक गोष्ट, जिनं आमचे लाखाहून जास्त रुपये वाचवले. सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्यावर गेलात की १८. म्हणजे ८,००० ची खोली ९,४४० ला पडते आणि ७,५०० ची ७,८७५ ला. दरात फरक ५०० चा, खिशातून जाणारा फरक १,५६५ चा. चाळीस खोल्या दोन रात्री धरल्या तर सव्वा लाख. आम्हाला ८,००० सांगितले होते. भावोजी बँकेतले, त्यांनी तिथंच कॅल्क्युलेटर काढला.

खोल्यांबाबत हे विचाराच: एका खोलीत तिसरा माणूस घेतला तर जादा किती, चेक-इन दुपारी दोन-तीनला असतं, मग सकाळी कोकणकन्येनं येणारं वऱ्हाड तोवर कुठं बसणार, निदान दोन-चार खोल्या लवकर मिळतील का, कमी पाहुणे आले तर किती खोल्या, किती दिवस आधीपर्यंत दंडाशिवाय सोडता येतील. लग्नात दहा टक्के माणसं ऐन वेळी गळतात, हे आपल्याला ठाऊक असतं. हॉटेललाही ठाऊक असतं, म्हणून तर ते ‘किमान हमी’चा आकडा चढा लिहितात. तो खाली आणा. ताटं वाढवता येतात, कमी करता येत नाहीत.

तळमजल्यावरच्या खोल्या मोजून घ्या. अनेक रिसॉर्टं दुमजली व्हिलांची असतात आणि लिफ्ट नसते. ताईच्या सासूबाई व्हीलचेअरवर. वाळूत ती चेअर इंचभर हलत नाही, लॉनवर हलते पण दोन माणसं लागतात. खोलीपासून मंडपापर्यंत मी ती रिकामी चेअर स्वतः ढकलत नेऊन पाहिली. मॅनेजर बिचारा मागून येत होता. दोन ठिकाणी पायऱ्या निघाल्या, तिथं त्यांनी फळ्या टाकून दिल्या.

८. स्वयंपाकघर, होम आणि हळद

‘महाराष्ट्रीयन मेनू’ म्हणजे काय ते विचारा. आम्हाला एका ठिकाणी पावभाजी, वडापाव आणि श्रीखंड असा कागद मिळाला. मसालेभात, मठ्ठा, जिलबी, अळूची भाजी हवी असेल तर आचाऱ्याशी समोरासमोर बोला आणि चाखून बघा. त्या चाखण्याचे पैसे लागतात का, किती माणसांना देतात, तेही. बाहेरचा केटरर बहुतेक हॉटेलं येऊ देत नाहीत, मात्र स्वयंपाकघरात आपला एक आचारी उभा करायला काहीजण तयार होतात. शाकाहारी भांडी वेगळी आहेत का हे आत जाऊन डोळ्यांनी बघा. आणि गोव्याला येऊन सोलकढी आणि खतखतं (इथली मिसळीची भाजी) ठेवलं नाही तर मी तरी रुसेन.

होम कुठं करणार? एसी हॉलमध्ये विवाहहोम लावला तर धुरानं स्मोक डिटेक्टर वाजतो आणि नशीब वाईट असेल तर स्प्रिंकलर नवरानवरीवर अक्षता टाकतो. होमाला परवानगी आहे का, कुठं, आणि त्या वेळात तिथला अलार्म कोण बंद ठेवणार, याचं नाव लिहून घ्या. पाऊस आला तर हॉलमध्ये हलायचं असेल, तेव्हा हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

हळदीबद्दल मात्र माझा सल्ला मनावर घ्या. आमच्या अंतिम बिलात चौदा टॉवेल आणि दोन चादरी ‘डाग’ म्हणून लागल्या होत्या. हॉटेलचं चुकलं असं म्हणत नाही, नियम करारातच होता, आम्ही वाचला नव्हता. घरून जुने पंचे आणि दोन जुन्या चादरी आणा, हळद लॉनवर किंवा पूलपासून लांब नळाजवळ करा, आणि खोलीत जाण्याआधी पाय धुवायला एक बादली दाराशी ठेवा.

९. करारात काय हवं

तोंडी सांगितलेलं काहीही धरू नका. आपल्याशी बोलणारी सेल्सची मुलगी लग्नापर्यंत दुसऱ्या हॉटेलात गेलेली असते. आमच्या बाबतीत दोनदा झालं.

लिहून घ्यायच्या गोष्टींत पहिली म्हणजे त्याच दिवशी आवारात दुसरं लग्न आहे का, असल्यास लॉन आणि हॉल कुणाचे. यातली खोच अशी की पावसासाठी राखलेला ‘बॅकअप हॉल’ काही ठिकाणी दोन्ही लग्नांना दाखवलेला असतो. तो आपल्या नावानं, त्या वेळेसाठी, जादा पैसे न घेता राखलाय असं वाक्य हवं. मग रद्द करण्याच्या अटी, टप्प्यानं भरायच्या रकमा, वीज गेल्यावर जनरेटर आणि त्याचं डिझेल कुणाचं, बाहेरचा डेकोरेटर किंवा फोटोग्राफर आणल्यास त्याचं शुल्क, मद्य ठेवणार असाल तर अबकारी परवानगी कोण काढणार आणि बाहेरची बाटली आणल्यास कॉर्केज, म्हणजे त्याबद्दलचं हॉटेलचं शुल्क, किती. मोकळ्या किनाऱ्यावर दारू पिणं गोव्यात दंडपात्र आहे, हे नवरदेवाच्या मित्रांना मराठीत, सावकाश, दोनदा समजावून सांगा.

हॉटेल गोव्याच्या पर्यटन खात्याकडं नोंदलेलं आहे ना, हेही पाहा. तो दाखला बहुधा रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर लटकलेला असतो. अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला मागायला लाजू नका.

१०. कागद आणि सामान

- प्रत्येक प्रौढ पाहुण्याचं मूळ ओळखपत्र. मोबाइलमधला फोटो सगळीकडं चालत नाही. परदेशी पाहुण्यांचा पासपोर्ट आणि व्हिसा, हॉटेलला त्यांची माहिती पोलिसांकडं भरावी लागते.
- खोल्यांची यादी: कोण कुणाबरोबर, कोणत्या मजल्यावर. दोन प्रती, एक रिसेप्शनला. रुसवेफुगवे याच यादीवरून होतात, म्हणून ती ज्येष्ठांना आधी दाखवून घ्या.
- करार, पावत्या, परवानग्यांच्या प्रती एका फाइलमध्ये, फाइल एकाच माणसाकडं. तो माणूस नवरीचा बाप नसावा.
- गुरुजींची यादी. फोंडा-म्हार्दोळकडचे गुरुजी घेतलेत तर समिधा, होमकुंड ते आणतात. पुण्याहून आणत असाल तर त्यांच्या खोलीचं आणि सोवळ्याच्या स्वयंपाकाचं बघा.
- रुखवत ठेवायला कुलूप असलेली खोली. दमट हवेत रुखवतातल्या चकल्या चोवीस तासांत मऊ पडतात, डबे हवाबंद ठेवा.
- आबोलीच्या वेण्या दोन दिवस आधी सांगून. इथल्या आबोलीला तोड नाही, पण भल्या सकाळी घ्याव्या लागतात.

कायदेशीर नोंदणी गोव्यात करायच्या फंदात पडू नका. इथली पद्धत वेगळी, दोन टप्प्यांची आहे. भाचीनं विशेष विवाह कायद्याखाली पुण्यातच नोंदणी उरकली. त्याला ३० दिवसांची नोटीस लागते, म्हणून गोव्याच्या तारखेआधी दोन महिने तरी सुरुवात करा.

११. दुसरा दिवस

चेक-आउट सकाळी अकरा-बाराला असतं आणि परतीची गाडी संध्याकाळी. मधल्या वेळात शंभर माणसं लॉबीत बॅगांवर बसलेली बरी दिसत नाहीत. सामानासाठी एक खोली मागून घ्या. ज्यांचं कुलदैवत इकडचं आहे त्यांना मंगेशी, म्हार्दोळची महालसा, कवळ्याची शांतादुर्गा असं दर्शन करवून आणा, सासष्टीतून तासाभराचा रस्ता. शॉर्ट्स घालून देवळात सोडत नाहीत, हे आदल्या रात्रीच सगळ्यांना सांगा, नाहीतर अर्धी बस देवळाबाहेर बसते.

आमची बस निघायला दुपारचा एक वाजला. बिल तपासायला भावोजी एकटेच मागं राहिले होते, त्या चौदा टॉवेलांपाशी अडून. मी त्यांना म्हटलं, भरा आणि चला, मंगेशीला जेवणाची पंगत उठेल.